घरी नॅस आणताय? पंखा आधी बघा, प्रोसेसर नंतर

लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, जेकार्ड चादरीची डिझाइनं, क्लासच्या नोट्स, सातबाऱ्याचे स्कॅन. हे सगळं फोन, लॅपटॉप आणि दोन-चार पेन ड्राइव्हमध्ये विखुरलेलं असतं आणि नेमकं हवं तेव्हा सापडत नाही. यावर उपाय म्हणून सोलापुरातही आता लोक नॅसची चौकशी करायला लागलेत. नॅस म्हणजे राउटरला जोडून चोवीस तास चालू ठेवायचा छोटा संगणक. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. आतल्या हार्ड डिस्कवर घरातल्या सगळ्यांचा डेटा सांभाळायचा आणि ज्याला जो हवा तो द्यायचा, एवढंच त्याचं काम.

यूट्यूबवर परीक्षणं बघायला घेतली की सगळी चर्चा प्रोसेसर आणि रॅमची. ती करणारे बहुतेक थंड हवेच्या देशात, नाहीतर एसीत बसलेले. माहितीपत्रकाच्या तळाशी मात्र एक ओळ बारीक अक्षरात असते: चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं जाणं ही काही बातमी नसते. त्यात हवेत सुताचे तंतू, आणि मधूनच जाणारी लाईट. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या ऊन, तंतू आणि लाईट या तीन गोष्टी धरूनच सांगतोय.

घेण्याआधी

घरासाठी दोन डिस्कचा नॅस पुरतो. चार डिस्कचा घ्यायचा मोह होतो, पण डिस्क वाढल्या की उष्णता वाढते, आवाज वाढतो आणि खर्च तर वाढतोच. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन तैवानी कंपन्या यात मुरलेल्या. असुस्टर, टेरामास्टर, युग्रीन ही नावंही दिसतील.

डब्याची रचना किती महत्त्वाची, याचं सोपं उदाहरण म्हणजे सिनॉलॉजीचे डीएस२२३जे आणि डीएस२२३. दोन्हींत प्रोसेसर तोच, रिअलटेकचा. पहिल्यात रॅम १ जीबी, दुसऱ्यात २ जीबी. कागदावर फरक एवढाच वाटतो. पण पहिल्यात डिस्क बसवायची तर प्लॅस्टिकचं कवच सरकवून उघडायचं आणि आत डिस्क स्क्रूनं आवळायची. दुसऱ्यात पुढून ट्रे ओढायचा, डिस्क बसवायची, ट्रे परत ढकलायचा. ज्याला वर्षातून तीन-चारदा तंतू साफ करायचेत त्याच्यासाठी हा फरक रॅमपेक्षा मोठा. बजेट अगदीच ताणलेलं नसेल तर ट्रेवाला घ्या.

डिस्क वेगळी घ्यावी लागते. नॅसच्या जाहिरातीत ‘डिस्कलेस’ लिहिलेलं असतं, ते न वाचता घेतलेला माणूस खोका उघडल्यावर हमखास विचारतो, ‘यात डिस्क कुठाय बे?’ चोवीस तास चालण्यासाठी बनवलेली डिस्क घ्या: सीगेटची आयर्नवुल्फ किंवा वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस. यातला ‘प्लस’ विसरू नका. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत, हे २०२० साली उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्या पद्धतीत डेटाची एक पट्टी शेजारच्या पट्टीवर थोडी चढवून लिहितात. जागा वाचते, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. खराब डिस्क बदलून नवीन भरून काढताना हे फार रेंगाळतं. त्यानंतर कंपनीनं सीएमआर पद्धतीच्या, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणाऱ्या डिस्क ‘रेड प्लस’ नावानं वेगळ्या केल्या. दुकानदार ‘रेडच आहे, एकच आहे’ म्हणाला तरी लेबल स्वतः वाचा.

आणखी एक. नॅस कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या डिस्कची यादी असते, ती मॉडेलनुसार बघा. सिनॉलॉजीनं २०२५ मध्ये आपल्या नॅसच्या प्लस मालिकेतल्या नव्या मॉडेलवर बाहेरच्या कंपन्यांच्या डिस्कना निर्बंध घातले होते. ओरड झाल्यावर त्याच वर्षी डीएसएम ७.३ (नॅस चालवणारं तिचं सॉफ्टवेअर) सोबत ते सैल केले. कंपन्यांची धोरणं अशी बदलतात, त्यामुळं शेजाऱ्याकडं चालली म्हणून आपल्याकडं चालेलच असं धरू नका.

खोका आल्यावर

मे महिन्यात दुपारी आलेला खोका लगेच उघडून चालू करू नका. डिलिव्हरीच्या टेम्पोत तो तासन्‌तास तापलेला असतो. सावलीत, खोलीत ठेवा, संध्याकाळी उघडा.

उघडताना फोनवर सलग व्हिडिओ काढा. चारही कोपरे, चिकटपट्टी, पत्त्याचं लेबल दिसू द्या, मग कात्री लावा. पुढं काही वाद निघाला तर विक्रेता पहिल्यांदा हाच व्हिडिओ मागतो. व्हिडिओ मधे थांबवून पुन्हा सुरू केला तर त्याला काडीची किंमत नाही, म्हणून दुसरं कुणीतरी फोन धरायला बोलवा.

टेबलावर जुनी, अनेकदा धुतलेली सोलापुरी सुती चादर दुहेरी अंथरा. नवी नको, नव्या चादरीचे तंतू सुटतात. नायलॉन किंवा लोकरीचं काही नको, त्यानं स्थिर वीज तयार होते. आणि काहीही झालं तरी शहाबादी फरशीवर बसून डिस्क हाताळू नका. हातभर उंचीवरून मऊ जागी पडलेली डिस्क वाचू शकते, पण कडक फरशीवर वीतभर उंचीवरून पडलेलीसुद्धा आतून दुखावते. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, ती चालूही होते आणि चार महिन्यांनी दगा देते.

नॅसच्या खोक्यात साधारण इतकं निघतं: यंत्र, अ‍ॅडॉप्टर, त्याची वीज-कॉर्ड, एक लॅन केबल, स्क्रूची पुडी आणि चित्रांचं माहितीपत्रक. पुडीतले स्क्रू ट्रेवाल्या मॉडेलमध्ये बहुधा अडीच इंची डिस्कसाठी असतात, आपल्या साडेतीन इंचीला लागत नाहीत. ते उरले म्हणून घाबरू नका, ट्रेवर चिकटवून ठेवा.

अ‍ॅडॉप्टरचं लेबल वाचा. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असायला हवं. दोन डिस्कच्या बऱ्याच मॉडेलला १२ व्होल्ट, ५ अ‍ॅम्पियर, म्हणजे ६० वॅटचा अ‍ॅडॉप्टर येतो. भारतात अधिकृतपणे विकलेल्या अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसची खूण आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. नातेवाइकानं परदेशातून आणलेला नॅस असेल तर पिन वेगळी निघते. तेव्हा कन्व्हर्जन पिन लावून वेळ मारून नेऊ नका. ती ढिली पडते, ठिणग्या उडतात आणि नॅस दिवसातून दोनदा आपोआप बंद होतो. कॉर्ड अ‍ॅडॉप्टरपासून सुटी होत असेल तर त्याच तोंडाची भारतीय तीन पिनांची कॉर्ड आणा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते.

डिस्कची पारख, पाकीट फोडण्याआधी

डिस्क कशात गुंडाळून आली ते बघा. चांगला विक्रेता डिस्क दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या साच्यात किंवा फोममध्ये अडकवून पाठवतो. मोठ्या खोक्यात बबलचा एकच वेढा आणि डिस्क आत गडगडतेय, असं असेल तर तिथंच व्हिडिओत ते दाखवा आणि परत पाठवा. ‘चालवून तर बघू’ म्हणू नका.

मग चंदेरी पिशवी न फोडता लेबलवरचा सीरियल नंबर टिपा आणि सीगेट किंवा वेस्टर्न डिजिटलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाका. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला ३ वर्षांची वॉरंटी असते. पण बाजारात बाहेरून आलेल्या, किंवा मूळ एखाद्या संगणक कंपनीसाठी बनवलेल्या डिस्कही फिरतात. त्यांचा नंबर टाकला की ‘या देशात वॉरंटी नाही’ किंवा ‘ज्यानं विकलं त्यालाच विचारा’ अशा अर्थाचं उत्तर येतं. पिशवी बंद असेल तर परतीचा वाद सोपा जातो. फुटलेली पिशवी घेऊन दुकानदाराशी भांडणं म्हणजे डोकेफोड.

डिस्कचे साचे आणि पिशव्या माळ्यावर ठेवून द्या. वॉरंटीत डिस्क पाठवायची तर पॅकिंग नीट नाही म्हणून परत आल्याची उदाहरणं आहेत.

पिशवी उघडल्यावर डिस्क दोन्ही बाजूंच्या कडांना धरा, खालच्या हिरव्या पट्टीला हात लावू नका. साध्या, हवा असलेल्या डिस्कवर एक बारीक भोक दिसेल आणि शेजारी ‘हे झाकू नका’ अशी सूचना. त्यातून आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो. त्यावर किमतीचं स्टिकर चिकटवणारे दुकानदार मी बघितलेत. मोठ्या क्षमतेच्या हेलियमच्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, त्यांना हे भोक नसतं.

डबा फिरवून बघा

आता नॅस हातात घ्या. वीज न लावता पाच मिनिटं नुसता बघा. या पाच मिनिटांत पुढच्या पाच वर्षांचं बरंच कळतं.

पुढून: दिवे, चालू-बंदचं बटण, बहुतेक वेळा एक यूएसबीचं तोंड. काहींना त्याखाली ‘कॉपी’ असं बटण असतं. कॅमेऱ्याचं कार्ड रीडरला लावून तिथं खोचायचं, बटण दाबायचं, फोटो थेट नॅसवर. आधी सॉफ्टवेअरमध्ये एकदा मांडणी करून ठेवावी लागते. लग्नाच्या सीझनमध्ये स्टुडिओवाल्यांना हे बटण फार सोयीचं, आणि जाहिरातीत याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

बाजूंनी: हवेच्या फटी. सिनॉलॉजीच्या बऱ्याच डब्यांवर बाजूला कंपनीचं नाव कोरलेलं दिसतं. ती नुसती शोभा नाही, त्या अक्षरांमधून हवा आत जाते. त्यामुळं शेजारी वह्यांचा गठ्ठा लावून ठेवला तर श्वासच बंद. तळाशीही फटी असू शकतात, उलटा करून बघा.

मागून: पंखा, आणि हाच पाहायचा मुख्य भाग. दोन डिस्कच्या चांगल्या डब्यात साधारण ९२ मिलिमीटरचा पंखा असतो. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ओढतो, म्हणून आवाज कमी. हवेचा मार्ग असा: पुढून आणि बाजूंनी आत, दोन डिस्कच्या मधून, मागून बाहेर. आता पंख्याची जाळी आणि कोपऱ्यातले स्क्रू बघा. स्क्रू बाहेरून दिसत असतील तर पुढं पंखा बदलणं सोपं. पंखा आतून, सगळा डबा खोलल्यावरच निघत असेल तर ते लक्षात ठेवा, कारण आपल्याकडच्या धुळीत सगळ्यात आधी कुरकुरतो तो पंखाच.

पंख्याखाली लॅनचं तोंड, यूएसबी, विजेचं गोल तोंड आणि टाचणीच्या टोकाएवढं रीसेटचं भोक. पासवर्ड विसरलात तर ते उपयोगी येतं. सिनॉलॉजीत ते सुमारे ४ सेकंद, बीप होईपर्यंत दाबलं की पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी मूळपदावर येते, डेटा तसाच राहतो. त्यापुढं पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, पुढची पायरी सगळी यंत्रणा नव्यानं टाकण्याची असते.

आता दोन्ही ट्रे ओढून बाहेर काढा आणि मोबाइलची बॅटरी लावून आत डोकवा. शेवटी एक उभी पाटी दिसेल आणि तिच्यावर दोन जोड्या तोंडं. छोटं तोंड ७ पिनांचं, डेटासाठी. लांब तोंड १५ पिनांचं, विजेसाठी. हीच साटाची जोडणी. ट्रे रुळावरून सरकत जाऊन डिस्क थेट या तोंडात बसते, मधे वायर नाही. पाटीला हवा जाण्यासाठी कापलेल्या खिडक्या दिसतात का बघा. त्या मोठ्या असतील तर पंखा डिस्कवरून नीट हवा ओढेल. पाटी जवळजवळ बंद असेल तर मागे कितीही चांगला पंखा असो, उन्हाळ्यात डिस्क तापणारच. परीक्षणात कुणी हा फोटो दाखवत नाही. दुकानात डेमोचा डबा असेल तर ट्रे काढून बघायची परवानगी मागा, देतात.

डिस्क बसवणे

हे काम इतकं सोपं की माहितीपत्रकही दोन चित्रांत आटोपतं. ट्रेच्या दोन्ही कडांच्या प्लॅस्टिक पट्ट्या ओढून काढा, डिस्क ट्रेत ठेवा, लेबल वर आणि जोडणीची तोंडं मागं. पट्ट्या परत दाबा, त्यांचे खुंट डिस्कच्या भोकांत गेल्याचा ‘टक्’ असा आवाज येतो. ट्रे ढकलताना शेवटच्या बोटभर अंतरावर थोडा जोर लागतो. तिथं ठोसा मारू नका, अंगठ्यांनी सारखा दाब द्या. तरी बसेना तर बाहेर काढा, पट्टी वाकडी बसली असेल.

डिस्क बसवण्याआधी खिडकीच्या गजाला किंवा नळाला हात लावून घ्या. पौष-माघातल्या कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज खरोखर चटका देते.

ठेवायचा कुठं

वरच्या मजल्यावर, स्लॅबखालची खोली नको. तळमजल्यावर किंवा मधल्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीजवळ, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर ठेवा. मागं किमान वीतभर जागा मोकळी. बंद काचेचं शोकेस नको, टीव्हीच्या युनिटमधला बंद कप्पा नको.

कूलरसमोर तर अजिबात नको. बऱ्याच जणांना वाटतं, गार वारा मिळेल. कूलरचा वारा ओला असतो, त्यात पाण्याचे बारीक थेंब येतात आणि पाण्यातला क्षार पाटीवर पांढरा बसतो. कूलरच्या खोलीत ठेवायचाच तर झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या.

पूर्व भागात ज्यांच्या घराखाली किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांच्यासाठी दोन जास्तीच्या गोष्टी. पहिली म्हणजे हादरे. डिस्कमधली सुई तबकडीवर अत्यंत बारीक पट्टीवर चालते. सततच्या हादऱ्यानं ती पट्टीवरून सरकते, पुन्हा जागेवर येते, आणि वेग मंदावतो. नॅस मागाच्या भिंतीला लागलेल्या फळीवर ठेवू नका. वेगळ्या लाकडी टेबलावर, खाली जाड रबरी चटई घालून ठेवा. लोखंडी कपाटावर ठेवलात तर हादरा राहू द्या, डिस्कच्या ‘कट्कट्’ आवाजानंच झोप उडेल. दुसरी गोष्ट तंतूंची, ती शेवटी सांगतो.

लाईट

नॅससाठी सगळ्यात वाईट काय, तर लिहिणं चालू असताना अचानक गेलेली लाईट. त्यामुळं यूपीएस हा जास्तीचा खर्च समजू नका, नॅसच्या किमतीतच धरा.

दोन डिस्कचा नॅस चालू कामात १५ ते २० वॅट घेतो. महिन्याला साधारण ११ ते १४ युनिट. राउटर धरूनही भार ३०-३५ वॅटच्या आसपास, त्यामुळं ६०० व्हीएचा साधा यूपीएस वीसेक मिनिटं तरी ओढतो. घेताना मागं यूएसबीचं तोंड आहे का विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच यूपीएसना नसतं. असलं की त्याची केबल नॅसला लावायची: बॅटरी उतरायला लागली की यूपीएस नॅसला कळवतो आणि नॅस फाइली बंद करून स्वतः व्यवस्थित थांबतो. घरी कुणी नसताना दुपारी लाईट गेली तरी काळजी नाही. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.

घरात मोठा इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला? इन्व्हर्टरच्या मागं बहुधा दोन स्थितींचं बटण असतं, एक यूपीएससाठी आणि एक साध्या वापरासाठी. साध्या स्थितीत लाईट गेल्यावर बदल व्हायला लागणारा क्षणभराचा वेळ पंखा-दिव्याला चालतो, संगणकाला नाही. बटण यूपीएसवर ठेवून भागतं बऱ्याचदा, पण इन्व्हर्टरला नॅसशी बोलता येत नाही, आणि बॅटरी संपली की तोही अचानकच जातो.

अर्थिंग तपासून घ्या. जुन्या पेठांतल्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाला मागं वायरच नसते. संगणकाच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण येत असेल तर आधी वायरमनला बोलवा.

केबल

बहुतेक नॅसमध्ये वायफाय नसतो. राउटरपर्यंत लॅन केबल न्यावीच लागते. आणि इथंच निम्म्या घरांत वेग गळतो.

फायबरवाल्यानं दिलेल्या डब्याच्या मागं चार तोंडं दिसतात आणि सगळी सारखी वाटतात. जवळून लेबल बघा. काही स्वस्त डब्यांत एकाच तोंडाखाली ‘जीई’ आणि बाकीच्यांखाली ‘एफई’ असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं. पहिलं १००० एमबीपीएसचं, बाकीची १०० ची. नॅस १००० च्या तोंडात लावला तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, १०० च्या तोंडात ११-१२. लग्नाचं ५० जीबीचं शूट पहिल्यात सात-आठ मिनिटांत चढतं, दुसऱ्यात सव्वा तास. चारही तोंडं १०० ची असतील तर गिगाबिट, म्हणजे १००० चा राउटर किंवा छोटा नेटवर्क स्विच मधे घाला. आणि नॅसवर चढवणारा लॅपटॉपही त्याच स्विचला केबलनं जोडा.

तोंड बरोबर असूनही वेग दहा-बारावरच अडकला तर केबल बघा. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला ४ पुरतात, १००० ला सगळ्या ८ लागतात. क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला पिन दाबून बसवताना, एक तार नीट बसली नाही तर नेट चालतं, तक्रार काही दिसत नाही, फक्त वेग दहापट घसरतो. नॅसच्या नेटवर्कच्या पानावर ‘१०००’ दिसतंय का, ते पहिल्या दिवशीच बघा. घरात केबल ओढायची तर कॅट ६ ओढा. तांब्याची मागा, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको.

पहिल्यांदा चालू करताना

क्रम असा: डिस्क, मग लॅन, मग वीज, मग बटण. पंखा आधी जोरात फिरतो, मग शांत होतो. दिवा लुकलुकत राहतो, दोन-तीन मिनिटांनी बीप. मग त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये कंपनीनं दिलेला पत्ता उघडायचा आणि सांगेल तसं पुढं जायचं. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना येते. जुन्या संगणकातली डिस्क बसवली असेल तर इथंच थांबा.

‘रेड’ (RAID) कोणता, असं विचारलं जाईल. याचा वेस्टर्न डिजिटलच्या रेड डिस्कशी संबंध नाही, ही अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत. दोन डिस्कसाठी रेड १ घ्या, सिनॉलॉजीत एसएचआर (तिची स्वतःची रेडची पद्धत) घेतला तरी दोन डिस्कवर परिणाम तोच. दोन्ही डिस्कवर एकच डेटा दोनदा लिहिला जातो, त्यामुळं ४ टीबीच्या दोन डिस्कमध्ये जागा एकाच डिस्कची मिळते. तीही ३.६३ अशी दिसेल, कारण कंपनी हजारानं मोजते आणि नॅस १०२४ नं. रेड ० मध्ये जागा दुप्पट, पण एक डिस्क गेली की दोन्हींवरचा डेटा गेला. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि रेड १ म्हणजे बॅकअप, असं समजू नका. गच्चीवर एकाच पाइपला जोडलेल्या दोन टाक्या असतात. एक फुटली तर दुसरीत पाणी राहतं, पण नळालाच गढूळ पाणी आलं तर ते दोन्हींत येतं. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. म्हणून एक बाहेरची यूएसबी डिस्क घेऊन तिच्यावर महत्त्वाच्या फोल्डरची नक्कल ठेवा आणि ती डिस्क भावाकडं किंवा दुकानात, दुसऱ्या छपराखाली ठेवा.

‘अ‍ॅडमिन’ नावाचं खातं बंद करा, स्वतःच्या नावाचं खातं काढा, लांब पासवर्ड ठेवा, दुहेरी पडताळणी लावा. बाहेरून नॅस उघडता यावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून देणारे तंत्रज्ञ भेटतात, त्यांना नको म्हणा. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ च्या जानेवारीपासून डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या हजारो क्यूनॅप यंत्रांतल्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या. कंपनीची स्वतःची जोडणी-सेवा थोडी हळू चालते, पण घरगुती वापराला पुरते.

पंख्याची मांडणी बहुधा ‘शांत’वर येते. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत ती ‘थंड’वर ठेवा. आवाज थोडा वाढेल. डिस्कचं तापमान त्याच पानावर दिसतं. कंपन्यांची कमाल मर्यादा ६० ते ७० अंशांच्या दरम्यान असते, पण तिथपर्यंत जाऊ देऊ नका. पन्नासच्या वर सतत राहायला लागलं तर जागा बदला. मेच्या भर दुपारी खोलीच चाळिशीला टेकली आणि डिस्क पंचावन्नच्या पुढं जायला लागली तर दुपारी बारा ते पाच नॅस बंद ठेवायचं वेळापत्रक लावा. बहुतेक नॅसमध्ये ती सोय असते, आणि त्या वेळात घरातलं कुणी फोटो बघत बसत नाही.

खरा डेटा टाकण्याआधी

आधी दोन्ही डिस्कची विस्तारित तपासणी लावा. रात्री लावली की सकाळपर्यंत होते. तीत चूक निघाली तर डिस्क लगेच बदलून घ्या, आत्ता परतीची मुदत हातात आहे.

मग चार-दोन बिनकामाच्या फिल्म नॅसवर टाका आणि एक डिस्क खराब झाल्याचं नाटक करून बघा. चालू नॅसमधून डिस्क काढता येते असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच चालू असताना एक ट्रे ओढा. नसेल तर नॅस बंद करून काढा आणि एका डिस्कवर चालू करा. बीप वाजायला लागेल, दिवा केशरी होईल, फिल्म मात्र चालत राहील. डिस्क परत बसवा आणि ‘दुरुस्ती’ निवडा. मोठ्या डिस्कला हे काही तास घेतं. बीप कसा वाजतो, तो बंद कुठून करायचा, दुरुस्तीचं पान कुठं आहे, हे घरातल्या आणखी एकाला तरी दाखवून ठेवा. डिस्क खरंच जाते तेव्हा नॅस घेणारा माणूस नेमका पुण्याला नाहीतर मुंबईला असतो.

तंतू आणि धूळ

यंत्रमागाच्या परिसरात महिन्यातून एकदा, जुळे सोलापूर किंवा होटगी रोडसारख्या भागात दोन-तीन महिन्यांतून एकदा मागची जाळी बघा. पंख्याच्या पात्यांच्या कडेला आधी राखाडी किनार दिसते. ती जाड झाली की तंतूंची जाळी तयार होते आणि हवा अडते. डिस्कचं तापमान जागा आणि ऋतू न बदलता तीन-चार अंशांनी चढलं की कारण बहुधा हेच.

नॅस सॉफ्टवेअरमधून बंद करा, कॉर्ड काढा, ट्रे काढून चादरीवर ठेवा. कोणता पहिला, कोणता दुसरा ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. मऊ ब्रशनं जाळी झाडा, मग हाताच्या ब्लोअरनं आतून बाहेर हवा मारा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. झोतानं तो वाजवीपेक्षा जोरात फिरला तर बेअरिंग बिघडतं. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण पाटीवर जातात. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. कोपऱ्यात मुंग्यांची रांग दिसली तर खडू बाहेर टेबलाच्या पायाला लावा, डब्यावर नको. बाजूच्या फटी किंचित ओलसर, पिळून काढलेल्या सुती फडक्यानं पुसा, दहा मिनिटं वाळू द्या आणि ट्रे त्याच क्रमानं परत बसवा.